‘ताप’ या रकान्यात लपलेले म्हातारे



पीएच.डी.चा विषय काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, “ठाणे जिल्ह्यातल्या म्हातारपणाचा इतिहास.” समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, “म्हातारपणाला कसला आलाय इतिहास?” आज त्याचं उत्तर एका आजाराच्या निमित्ताने देते. आजार अगदी घरातला आहे: वयस्कर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढणे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन झालेत, सिनॉप्सिस लिहिताय. तुम्हाला पुढे नक्की भेटणारा प्रश्न या आजारात आहे. जी गोष्ट जुन्या कागदात तिच्या नावाने लिहिलेलीच नाही, ती शोधायची कशी?

आधी आजार समजून घेऊ

मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे, साधारण अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तीच प्रोस्टेट. लघवीची नळी तिच्या मधून जाते, आणि सगळी भानगड या रचनेमुळे होते. चाळिशीनंतर ग्रंथीचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. 1984 साली शवविच्छेदनांवरचा एक गाजलेला अभ्यास छापला गेला. त्यात 51 ते 60 या वयातल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसली आणि ऐंशी ओलांडलेल्यांत ती बहुतेकांना होती. म्हणजे केस पिकण्याइतकीच सर्रास गोष्ट.

त्रास मात्र सगळ्यांना सारखा होत नाही. ग्रंथी मोठी असून काहींना काही होत नाही, तर लहान असून काहींची लघवी तुंबते. धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, थेंब थेंब गळणे, रात्री पुन्हा पुन्हा उठणे ही नेहमीची लक्षणं. दुर्लक्ष झालं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात आणि दाब मागे किडनीपर्यंत जातो.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून तपासणी लागते. ही गल्लत किती महागात पडते पाहा. ऑक्टोबर 1963 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन प्रोस्टेटच्या दुखण्याने दवाखान्यात गेले आणि त्यांनी पद सोडलं. दुखणं साध्या वाढीचं निघालं. त्यानंतर ते आणखी 23 वर्षं जगले!

शब्दाचा सापळा

आता इतिहासाकडे येऊ. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘पुढे उभा असणारा’. मराठी पाठ्यपुस्तकातला ‘पुरःस्थ ग्रंथी’ हा त्याचाच सरळ अनुवाद. दुसरा शब्द आहे ‘अष्ठीला ग्रंथी’. माझ्यासारखे नवखे संशोधक अडकतात ते इथे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक वाताष्ठीला. मलमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये वात अडून दगडासारखी टणक, न हलणारी गाठ होते, असं वर्णन आहे. वाचल्यावर माझ्या मनात लगेच आलं, अरे, ही तर प्रोस्टेट! मी पहिल्या मसुद्यात तसं लिहूनही टाकलं. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं: “कशावरून?”

पुन्हा वाचलं. त्या वर्णनात लघवीबरोबर शौच आणि वायूही अडतो. ही गाठ खास म्हाताऱ्यांना होते असं तिथे म्हटलेलं नाही. शिवाय त्याच अध्यायात मूत्रग्रंथी नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात मूत्राशयाच्या तोंडाशी लहान, गोल, पक्की गाठ असते. ती पण प्रोस्टेट का नाही? ही विभागणी मुळात दोषांची आहे, अवयवांची नाही. वाताष्ठीला म्हटलेल्या रोग्यांत प्रोस्टेटवाले असतीलही, पण दोन्ही शब्द एकच म्हणता येत नाहीत.

आणखी गंमत म्हणजे, ‘अष्ठीला’ हा जुना शब्द आधुनिक काळात आपणच या अवयवाला दिला. मग जुन्या ग्रंथात तो शब्द पाहिला आणि म्हणालो, सापडली प्रोस्टेट! आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढली. आजचं निदान जुन्या माणसावर चिकटवताना असं होतं. यात सुश्रुताचा मोठेपणा कमी होत नाही. लघवी अडण्याचे बारा प्रकार वेगळे करणारी नजर आहे ती! फक्त तिला आपला चष्मा लावायचा नाही.

सहा रकाने

मग म्हटलं, ग्रंथ सोडू, सरकारी कागद पाहू. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर 1882 चं. त्या काळात गावातले मृत्यू गावकामगार नोंदवत. आकडे वर चढत चढत मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात जात. तिथे मृत्यूच्या कारणांचे ठरलेले रकाने होते: पटकी, देवी, ताप, हगवण-मुरडा, इजा आणि इतर. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे त्याचीही वेगळी नोंद होऊ लागली.

आता कल्पना करा. कल्याणजवळच्या एखाद्या खेड्यात सत्तरीच्या माणसाची लघवी महिनोन् महिने नीट होत नाही. एक दिवस साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, थंडी वाजून ताप भरतो आणि चार दिवसांत माणूस जातो. पाटील घरी येऊन विचारतो, “काय झालं होतं?” घरचे सांगतात, “ताप आला होता.” खोटं कोणीच बोललेलं नाही. पण तो माणूस हिवतापाच्या रोग्यांबरोबर एका रकान्यात जाऊन बसला. आणि ताप आलाच नाही, तर तो ‘इतर’मध्ये.

यावरून ‘तापाचे इतके मृत्यू खरं तर प्रोस्टेटचे होते’ असा आकडा काढता येतो का? नाही. ठाण्याच्या दलदलीच्या, भाताच्या मुलखात हिवताप खरोखरच भरपूर होता. सिद्ध होतं ते एवढंच की त्या रकान्यांत हा आजार दिसूच शकत नव्हता. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.

इथे कोणीतरी म्हणेल, “तेव्हा लोक जगायचे कुठे एवढे?” 1911 ते 1921 या दशकात भारतात जन्मवेळचं सरासरी आयुर्मान सुमारे 20 वर्षं होतं, हे खरं. पण ती सरासरी मुख्यतः बालमृत्यूंनी खाली ओढलेली, त्यात 1918 चा इन्फ्लुएन्झा. लहानपणीचे आजार पार केलेल्यांपैकी काही जण साठी-सत्तरी गाठत होतेच. सरासरी 20 म्हणजे विसाव्या वर्षी सगळे जात, असा अर्थ काढू नका. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात हे.

खड्याच्या आड

दुसरी लपण्याची जागा म्हणजे मूतखडा. पीटर फ्रेयर हा आयरिश सर्जन 1875 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. इथे उत्तर भारतात त्याचं नाव झालं ते मूत्राशयातला खडा आतल्या आत फोडून काढण्यासाठी. ही पद्धत अमेरिकेतल्या बिगेलोने 1878 मध्ये मांडली होती. नोकरी संपवून फ्रेयर लंडनला गेला. तिथे डिसेंबर 1900 मध्ये त्याने पोटाच्या खालच्या बाजूने मूत्राशय उघडून वाढलेली प्रोस्टेट बोटाने सोलून काढली आणि त्या शस्त्रक्रियेला त्याचं नाव चिकटलं. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरने आपलं असंच काम 1895 मध्येच छापलं होतं, त्यामुळे श्रेयावरून वादही झाला.

मला यात रस वेगळ्या कारणाने आहे. त्याच्या हातचे भारतातले रोगी नोंदले गेले ‘खडा’ म्हणून. उत्तर भारतात लहान मुलांनाही खडे होत, त्यामुळे सगळेच रोगी म्हातारे नव्हते. पण वयस्कर पुरुषाच्या मूत्राशयात खडा होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे वाढलेल्या प्रोस्टेटमुळे साचलेली लघवी. डॉक्टर जे काढू शकतो, तेच कागदावर येतं. प्रोस्टेट काढण्याची खात्रीची पद्धत नव्हती तोवर तिच्या नावाने नोंद करून उपयोग तरी काय होता?

डोंबिवलीचे आजोबा

तिसरी जागा मला घरातच सापडली. आजोबा डोंबिवलीहून फोर्टात ऑफिसला जायचे. मुंबईहून ठाण्याला रेल्वे 1853 ची, कल्याणपर्यंत 1854 ची. एवढी जुनी लाइन, पण लोकलच्या डब्यात शौचालय नाही. सव्वा तासाच्या प्रवासासाठी आजोबा सकाळी चहानंतर पाण्याचा घोट घेत नसत. निवृत्तीनंतरही कुठे जायचं म्हटलं की पाणी बंद. आम्हाला वाटायचं, जुनी सवय.

माझं क्षेत्रकाम सुरू झालं तेव्हा पहिली मुलाखत त्यांचीच घेतली. विचारलं, “आजोबा, लघवीचा वगैरे काही त्रास?” ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, “छे, काही नाही. वय झालं, एवढंच.” मी वहीत लिहिलं: त्रास नाही.

दोन महिन्यांनी सर्दीचं औषध घेतल्यावर रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली. सर्दीच्या काही औषधांनी असं होऊ शकतं, हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं. नळी घातल्यावर लिटरभराहून जास्त लघवी निघाली. क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, “काका, रात्री किती वेळा उठता?” “चार-पाचदा.” “किती वर्षं?” आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “सात-आठ.”

माझ्या वहीतलं ‘त्रास नाही’ आणि पाटलाच्या नोंदीतला ‘ताप’ यांत काय फरक होता सांगा. मीही एक रकानाच घेऊन गेले होते. प्रश्न आजाराबद्दल होता, त्यात विचारणारी नात. उत्तर दुसरं काय येणार?

दुर्बिणीने ऑपरेशन झालं, लघवी मोकळी झाली. किडनीचं थोडं नुकसान मात्र राहिलं. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

तुमच्यासाठी

त्यानंतर मी प्रश्न बदलले. 1992 पासून जगभर वापरात असलेल्या लक्षणांच्या प्रश्नावलीत सात प्रश्न आहेत आणि गुण 0 ते 35. ‘आजार आहे का’ असं ती विचारत नाही. गेल्या महिन्यात किती वेळा जोर करावा लागला, रात्री किती वेळा उठलात, असं विचारते. मी त्याच धर्तीवर विचारू लागले: बाहेर पडताना पाणी पिता का? ठाणे स्टेशनवर उतरून आधी कुठे जाता? कट्ट्यावरचे आजोबा मोकळेपणाने बोलू लागले. एकदा सुरू झाले की थांबत नाहीत!

कागदांनाही असंच विचारा. जुन्या मराठीत ‘प्रोस्टेट’ शोधू नका. ‘उन्हाळे लागणे’, ‘लघवी तुंबणे’, ‘मूतखडा’ शोधा. रकाना कोणी आखला, भरणाऱ्याला काय दिसू शकत होतं, सांगणाऱ्याला काय सांगायची लाज वाटत होती, हे आधी विचारा.

आणि आज रात्री घरी जेवताना वडिलांना किंवा आजोबांना सहज विचारा, रात्री किती वेळा उठता? उत्तर दोनपेक्षा जास्त आलं, धार बारीक झाली असेल, तर डॉक्टरकडे घेऊन जा. लघवीत रक्त दिसलं तर वाट बघू नका, आणि पूर्ण तुंबली तर त्याच रात्री निघा. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. ‘वय झालं’ हे उत्तर वहीत लिहून पुढे जाऊ नका. मी गेले होते.