‘काहून मारलं?’ या प्रश्नाचा इतिहास

वऱ्हाडात नवऱ्यानं बायकोवर हात उचलला आणि गोष्ट चार लोकांत गेली, की वडीलधारं माणूस त्याला पहिला प्रश्न विचारतं, ‘काहून मारलं बे?’ विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो, आवाजात दमही असतो. पण प्रश्न विचारला की उत्तराला जागा होते. ती उलटून बोलली. माहेरी फोन लावला. डोकं फिरलं होतं. पोटात दारू होती. सोयाबीनला भाव नाही. मग बैठकीचा सूर हळूच बदलतो आणि कुणीतरी तिच्याकडे वळून म्हणतं, ‘तुयंबी थोडं चुकलंच, बाई.’

हा प्रश्नच बाद ठरवणारा एक नियम आपल्या देशात २००६ पासून आहे. त्याच्यापर्यंत यायला फार वेळ लागला, आणि त्या वाटेचा एक टप्पा थेट वऱ्हाडातून जातो.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापलं गेलं. निमित्त सुरतेचं होतं. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळाची हत्या केल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर प्रवचनं सुरू झाली. ताराबाईंनी बाजू उलटवली. बायकांवर जे जे दोष लादले जातात, ते एकेक घेऊन त्यांनी पुरुषांना विचारलं की हे तुमच्यात किती? वडील बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत कामाला, घर सत्यशोधक वळणाचं. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. नंतर हे पुस्तक इतकं विस्मरणात गेलं, की स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित केल्यावरच ते नव्या वाचकांपर्यंत पोचलं. माझ्या मते आपल्याकडे तपासाचा दिवा बाईवरून काढून पुरुषावर रोखण्याची सुरुवात इथे झाली.

दुसरा माणूस अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले आणि लहानगा डेबू आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे वाढला. बाबांचं कीर्तन प्रश्नोत्तरांचं. ते विचारायचे, समोरची माणसं उत्तर द्यायची, आणि उत्तर देता देता स्वतःच्याच तोंडून स्वतःचं वागणं उघडं पाडायची. चारचौघांत पुरुषाला स्वतःबद्दल बोलतं करायची इतकी देशी आणि इतकी धारदार पद्धत मला दुसरी माहीत नाही. मात्र त्या कीर्तनात घराच्या बरबादीचं मोठं कारण दारू होतं, आणि विदर्भात पुढे तीच वाट मळली. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी झाली, १९९३ मध्ये गडचिरोलीत, २०१५ मध्ये चंद्रपुरात. चंद्रपूरची २०२१ मध्ये उठलीसुद्धा. बायकांनी मोर्चे काढले, बाटली आडवी करायला मतदान केलं. त्यांना नवऱ्याचा हात थांबवायचा होता. सरकारकडे मागता येण्यासारखी वस्तू होती बाटली, म्हणून बाटली मागितली.

दारूनं मार वाढतो, यात शंका नाही. पण दारू प्यायलेला हाच माणूस ठाणेदारावर हात टाकत नाही, सावकारावर टाकत नाही. घरी येईपर्यंत त्याला नेमकं कुणाला मारता येतं, हे शुद्धीत असल्यासारखं कळतं. नापिकीचंही तसंच. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची दैना खोटी कोण म्हणेल? पण त्याच वावरात ती निंदायला जाते, तेच कर्ज तिच्याही डोक्यावर असतं.

पुरुषांशीच बोललं पाहिजे, हे इथल्या स्त्री चळवळीला लवकर उमगलं होतं, पण हातात आधी कायदा हवा होता. १९८३ मध्ये ४९८-अ कलम आलं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसली आणि ती नवऱ्यालाही बोलावू लागली. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी एक जाहिरात दिली. बायको मारण्यासाठी नसते असं ज्यांना वाटतं, ते पुरुष हवेत, असा तिचा मतलब. २०५ जणांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’, म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज, ही संस्था उभी राहिली आणि हरीश सदानी यांनी ती तरुण मुलांपर्यंत नेली. पुण्यात विद्या बाळ यांच्या नारी समता मंचानं पुढे पुरुष संवाद केंद्र काढलं. हे काम मोलाचं आहे. तरी त्या जाहिरातीत एक मजेशीर अडचण लपलेली होती. न मारणारे आले. मारणाऱ्यांना कसं बोलवायचं, हे कुणाला ठाऊक होतं?

अमेरिकेत या प्रश्नाला थोडं आधी हात घातला गेला. १९७७ मध्ये बॉस्टनमध्ये काही पुरुषांनी ‘इमर्ज’ हा गट सुरू केला, तोही निवारागृहांत काम करणाऱ्या बायकांनी सांगितलं म्हणून. मग मिनेसोटातल्या डुलुथ या बंदराच्या गावात एलेन पेन्स आणि सहकाऱ्यांनी पोलीस, कोर्ट आणि पुरुषांचे गट एका साखळीत बांधले. मार खाल्लेल्या बायकांना त्यांनी विचारलं की तुमच्या घरात नेमकं काय घडतं? त्या उत्तरांतून १९८४ मध्ये एक चक्र तयार झालं. पैसे रोखणं, पोरांवरून धमकावणं, माणसं तोडणं, डोळे वटारणं हे त्याचे आरे, आणि मधल्या आसावर लिहिलं होतं सत्ता आणि ताबा. पुरुषांचा अभ्यासक्रम बायकांच्या अनुभवातून बनला, ही त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

असे वर्ग वाढले तशी निवारागृहांना भीती वाटू लागली. नवरा वर्गाला जातोय म्हटल्यावर बायको आशेनं घरी परतते. तो प्रमाणपत्र घेऊन मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात उभा राहतो. चुकीचा वर्ग चालवणं हे वर्ग नसण्यापेक्षा घातक ठरू शकतं. म्हणून मानकं आली. ब्रिटनमध्ये ‘रिस्पेक्ट’ संस्थेनं केली, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात आधी ‘नो टू व्हायोलन्स’नं आणि मग सरकारनं. शब्द वेगळे, गाभा एक: तिची सुरक्षितता आधी. हा रागावर ताबा मिळवण्याचा क्लास नव्हे. नवरा-बायकोला एकत्र बसवायचं नाही. तो सुधारला की नाही, हे त्याच्या तोंडून ठरत नाही, तिच्याशी वेगळा संपर्क ठेवायचा. त्यानं वर्ग सोडला तर तिला कळवायचं. तो बदलेलच, असं वचन तिला द्यायचं नाही. आणि मुदत: व्हिक्टोरियात किमान २० आठवडे, कॅलिफोर्नियात कोर्टानं पाठवलेल्याला ५२. एवढं करूनही अभ्यासांत दिसणारा परिणाम माफक आहे आणि त्यावर वाद आहेत.

आता आपला नियम. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. कलम १४ प्रमाणे न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, आणि ते कसं करायचं हे नियम क्रमांक १४ मध्ये लिहिलंय. हिंसा पुन्हा होणार नाही, ही हमी मिळवणं हे समुपदेशनाचं स्वरूप. तशी लेखी हमी त्यानं द्यायची. आणि केलेल्या हिंसेचं कोणतंही समर्थन त्याला तिथे मांडता येणार नाही. हे बैठक सुरू होण्याआधीच त्याला सांगायचं.

पुन्हा वाचा. ‘काहून मारलं?’ला तिथे जागाच नाही. त्याच्या आधीचा नियम म्हणतो की समुपदेशक शक्यतो स्त्री असावी. म्हणजे ज्याला घरात बाईचं ऐकायची सवय नाही, त्यानं एका बाईसमोर बसायचं आणि सबब सांगायची नाही. कुणी मसुदा लिहिला असेल त्यानं ताराबाई वाचल्या होत्या की काय, असा माझा आपला एक लाडका संशय.

पण हाच नियम पुढे म्हणतो की तिची इच्छा असेल तर तडजोडीचा प्रयत्न करावा. या ‘तिची इच्छा’तून अख्खी जुनी बैठक आत शिरते. माहेरी भाऊ-भावजय ठेवून घेणार नाहीत, शाळा मध्येच सुटेल, मग इच्छा कुठली उरते? कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे मिटवणाऱ्या गावाला सरकारी बक्षीस. बांधाच्या भांडणाला ती उपयोगी पडली असेल. पण ‘तंटा’ या शब्दात दोन बाजू आपोआप बरोबरीच्या होतात आणि मारहाण ‘नवरा-बायकोचं भांडण’ बनते. एकाच वेळी कायदा सांगत होता सबब ऐकू नका, आणि गावाला बक्षीस होतं दोघांचं ऐकून मिटवण्यासाठी. गावात कोण जिंकलं असेल, हे सांगायला नको.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारपैकी एका बाईनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्या नवऱ्यांसाठी नियम १४ एका बैठकीचं मानक देतो, कार्यक्रमाचं नाही. किती आठवडे, कोणता अभ्यासक्रम, नंतर तिची खबर कोणी घ्यायची, यावर त्यात काही नाही.

अमरावती किंवा अकोल्यात असा वर्ग उभा करायचा तर बारीकसारीक गोष्टींपासून सुरुवात करावी लागेल. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूरहून माणूस सलग वीस आठवडे येणार कसा? कापूस वेचणीत मजुरी बुडवून तर नाहीच, म्हणजे वर्ग तालुक्याला आणि बाजाराच्या दिवशी. बोलणं वऱ्हाडीत, प्रश्नावर प्रश्न, बाबांच्या कीर्तनासारखं, फक्त ‘काहून’ वगळून ‘काय केलं’ आणि ‘तिला काय झालं’ एवढंच. आणि दर आठवड्याला एका वेगळ्या बाईनं तिला फोन करायचा. पुष्कळ घरांत फोन एकच असतो, आणि तो त्याच्या खिशात.