गाडीचा अपघात झाला तर चालकाची जबाबदारी काय?

वसई फाटा, नालासोपारा फाटा, विरार फाटा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आपल्या लोकांची रोजची ये-जा. कुणाची रिक्षा, कुणाचा टेम्पो, कुणाची बाइक. अपघात झाला की चालकाच्या मनात पहिलं येतं ते "पळा, नाहीतर लोक मारतील". म्हणून कायदा काय सांगतो ते आधीच माहीत असलेलं बरं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ, दोघे मरण पावले. मागे बसलेल्या या दोघांनी सीट बेल्ट लावला नव्हता. गाडी चालवणाऱ्या डॉक्टर बाई स्वतः गंभीर जखमी होत्या. तरी नोव्हेंबरमध्ये कासा पोलीस ठाण्यात त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे गाडीत आपलीच माणसं असली, तरी कायदा चालकाला विचारतोच.

अपघातानंतर लगेच

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं काम आहे. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघण्याची सूट कायदाच देतो. पण मग थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही कळवायचं. हे न केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६(१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद. पळून जाणाऱ्याला १० वर्षांची तरतूद १०६(२) मध्ये आहे. ट्रकचालकांच्या संपानंतर ती लागू करणं थांबवलं गेलं. पण म्हणून पळणं माफ झालं असं कुणी समजू नये.

मुलाच्या हातात चावी

आमच्या वर्गातली नववी-दहावीची मुलं स्कूटीवर क्लासला जाताना आम्ही बघतो. कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. अब्बूंनी लाडाने दिलेली चावी अशी महाग पडते.

विमा आणि भरपाई

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विमा नसेल तर भरपाई मालक आणि चालकाच्या खिशातून जाते. चालकाकडे लायसन्स नसेल तर कंपनी दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. जखमी किंवा मृताच्या वारसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा. मुदत ६ महिने. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपये मिळतात.

"आपसात मिटवू"

मोहल्ल्यातले बुजुर्ग बसतात, पैसे ठरतात, कागदावर सही होते. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठी दियत आणि कफ्फारा सांगितला आहे, आणि वारसांना माफ करण्याची मुभाही आहे. ती दीनची जबाबदारी जरूर निभवावी. पण मृत्यूचा गुन्हा कायद्याने तडजोडीचा नाही. वारसांनी माफ केलं तरी पोलीस केस आपोआप संपत नाही. आणि वारसांनी, विशेषतः बेवा आणि यतीम मुलांच्या वतीने, वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नये. थोड्या रोख रकमेपायी मोठा हक्क जाऊ शकतो.

रस्त्यात दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबा. कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पोलिसांना आपलं नाव सांगायची सक्ती नाही.