पिशवीच्या तोंडाची गाठ

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत सोनोग्राफीचा रिपोर्ट आला आणि त्यात ‘नाबोथियन सिस्ट’ लिहिलेले असले की मावशी, जाऊ, शेजारच्या अक्का यांचे म्हणणे एकच पडते: ‘पिशवीच्या तोंडाला गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल. मुलं झालीत, पिशवी काढून मोकळी हो.’ या सल्ल्यात माया आहे आणि भीतीही निराधार नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 2022 मध्ये देशात अंदाजे 80 हजार बायका दगावल्या. पण ही गाठ त्या कॅन्सरची पहिली पायरी नव्हे.

गर्भाशयमुखाच्या आतल्या नाजूक अस्तरात चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात. बाळंतपणानंतर किंवा सूज ओसरताना बाहेरचे जाड अस्तर त्यांच्यावर पसरते, ग्रंथींची तोंडे मिटतात आणि स्राव आतच साठतो. बहुधा काही मिलिमीटरचा पिवळसर फुगा, एवढीच ती गाठ. रोग कसला, भरून आलेल्या जागेची ती खूण. लाइपझिगच्या मार्टिन नाबोथने 1707 मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा त्याला ती स्त्रीबीजे वाटली होती. ती समजूत शास्त्राने कधीच सोडली.

‘तरी पिशवी काढली तर बिघडले कुठे?’ बिघडते. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. तेही तरुणपणीच काढले तर हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीडच्या ऊसतोड बायकांची 2019 मध्ये चौकशी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया करून घेतल्याचे त्यांतल्या कितीतरी जणींनी सांगितले.

उलट रिपोर्टमध्ये गाठ नाही म्हणून निर्धास्त राहणेही चूक. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेले, अंगावरून पाण्यासारखे सतत जाऊ लागले, तर तपासणी टाळू नये. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, आणि त्याची चाचणी तक्रार नसतानाच करायची असते. उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला; 2009 मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. अशा चाचणीत कॅन्सरपूर्व बदल सापडले तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढतात, पिशवी जागच्या जागी राहते. मग निरुपद्रवी फुग्यासाठी ती का काढायची?