अनोळखी जुन्या आयसींची ओळख : इतिहास-साधनांच्या चिकित्सेच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना :
ताम्रपट, शिलालेख, नाणी व कागदपत्रे ही इतिहासलेखनाची सर्वमान्य साधने होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने त्यांत एका नव्या साधनाची भर घातली. ते म्हणजे एकात्मिक परिपथ, व्यवहारातील शब्दात 'आयसी'. जॅक किल्बी यांनी १२ सप्टेंबर १९५८ रोजी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पहिली आयसी चालवून दाखविली. १९५९ मध्ये फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांनी तिला उत्पादनयोग्य रूप दिले. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील दुकानांतून या आयसी महाराष्ट्रातील दुरुस्ती करणारे कारागीर व छंदिष्ट यांच्यापर्यंत पोहोचल्या. आज त्यांतील अनेक आयसी भंगारात, ओळख हरवलेल्या अवस्थेत सापडतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) आयसीवरील अक्षरे व अंक वाचण्याची पद्धत स्पष्ट करणे.
२) या वाचनातील संभाव्य चुका दाखविणे.
३) भारतीय इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या इतिहासाचे साधन म्हणून आयसीचे महत्त्व तपासणे.

विषय विवेचन :
वाशीम येथे मिळालेल्या वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटावर ३७ हा वर्षांक आहे. तो राज्यवर्षाचा आहे हे समजल्याशिवाय त्यास अर्थ प्राप्त होत नाही. आयसीवरील अंकांचेही तसेच आहे.

सामान्यतः आयसीवर तीन गोष्टी आढळतात : निर्मात्याचे चिन्ह, प्रकार-क्रमांक आणि निर्मितीचा काळ. प्रकार-क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे बहुधा मूळ कंपनी सुचवितात. 'एसएन' हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे, 'एमसी' मोटोरोलाचे, 'एलएम' नॅशनल सेमीकंडक्टरचे, तर 'एनई' सिग्नेटिक्सचे. परंतु एका कंपनीची रचना इतर कंपन्याही बनवीत असत. फेअरचाइल्डने १९६८ मध्ये आणलेली '७४१' ही आयसी पुढे अनेक कंपन्यांनी काढली. म्हणून नाण्यावरील राजाचे नाव आणि टांकसाळीचे चिन्ह ज्याप्रमाणे वेगळे वाचावे लागते, त्याप्रमाणे क्रमांक व निर्मात्याचे चिन्ह वेगवेगळे वाचणे आवश्यक ठरते.

काळाचा अंक बहुधा चार आकडी असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे व नंतरचे दोन आठवड्याचे. '८४२३' म्हणजे १९८४ चा तेविसावा आठवडा. येथेच मोठा घोटाळा संभवतो, कारण सर्वाधिक प्रचलित तर्क-आयसींचे क्रमांकही '७४' नेच सुरू होतात.

हिवरा आश्रम येथे भंगारात निघालेल्या एका मापनयंत्राच्या बोर्डावरील आयसीवर प्रस्तुत लेखकास '७४०८' एवढेच स्पष्ट दिसले. ती चार 'अँड' द्वारांची ७४०८ असावी, अशी नोंद केली गेली. तथापि ७४०८ ला चौदा पिना असतात आणि या आयसीला सोळा होत्या. तिरप्या प्रकाशात भिंगाने पाहता वरची पुसट ओळ 'एसएन७४४२एन' अशी वाचता आली. म्हणजे ती सोळा पिनांची दशमान विसंकेतक आयसी होती आणि '७४०८' हा १९७४ च्या आठव्या आठवड्याचा निर्देश होता. पहिल्या नोंदीवर विसंबून चौदाव्या पिनेस विद्युतपुरवठा दिला असता, तर आयसी नष्ट होण्याचा धोका होता. थोडक्यात, लेखातील मजकूर आणि वस्तूचे स्वरूप यांचा मेळ बसला पाहिजे.

वाचनात आणखी दोन अडचणी येतात. काही यंत्रनिर्माते आयसीवर स्वतःचे खाजगी क्रमांक छापून घेत. ते बाजारातील पुस्तकांत सापडत नाहीत. तसेच जुना पृष्ठभाग घासून त्यावर नवा क्रमांक छापलेल्या बनावट आयसीही आढळतात. अशा वेळी शेजारच्या आयसी, बोर्डावरील जोडण्या व पुरवठ्याच्या पिना यांवरून अनुमान काढावे लागते. मूळच्या आयसींपैकी सर्वांत अलीकडच्या आयसीचा काळ हा बोर्डाच्या जुळणीची पूर्वमर्यादाही ठरवितो.

भारतीय संदर्भात हा विषय विशेष मोलाचा आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओ व दूरचित्रवाणीसाठी आयसी बनविल्या. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने १९८४ मध्ये पाच मायक्रॉन तंत्रावर उत्पादन सुरू केले. परंतु ७ फेब्रुवारी १९८९ च्या आगीत तेथील उत्पादनव्यवस्था उद्ध्वस्त झाली. त्यामुळे त्या पाच वर्षांचा काळनिर्देश असलेली मोहालीची प्रत्येक आयसी स्वावलंबनाच्या त्या प्रयत्नाचा प्रत्यक्ष पुरावा आहे. देशी म्हणविल्या जाणाऱ्या यंत्रात देशी भाग किती होते, याचे उत्तर जाहिरातीपेक्षा त्यातील बोर्ड अधिक प्रामाणिकपणे देते.

निष्कर्ष :
१) आयसीवरील एकाच अंकावरून ओळख निश्चित करू नये. पिनांची संख्या, चिन्ह व जोडणी यांची साक्ष घ्यावी.
२) बोर्डावरून आयसी सुटी केली की तिचा निम्मा इतिहास पुसला जातो. म्हणून काढण्यापूर्वी छायाचित्र व नोंद आवश्यक आहे.
३) तांबे व सोने यांच्यासाठी भंगारातील बोर्ड वितळविले जातात. तत्पूर्वी महाविद्यालयांच्या इतिहास व पदार्थविज्ञान विभागांनी संयुक्तपणे परिसरातील जुन्या यंत्रांची नोंदवही ठेवावी. ताम्रपट मोडून भांडी घडविणाऱ्यांना आपण दोष देतो. आपल्या काळाची साधने वितळू देणारे म्हणून पुढील पिढ्यांनी आपल्याला तोच दोष देऊ नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती आहे.