वैमानिकी घड्याळ
उड्डाण करताना दोन्ही हात गुंतलेले असतानाही वेळ एका दृष्टिक्षेपात वाचता यावी, अशा रचनेचे मनगटी घड्याळ. लूई कार्त्ये यांनी १९०४ मध्ये ब्राझीलचे वैमानिक आल्बेर्तू सांतुस-द्यूमाँ यांच्यासाठी असे घड्याळ तयार केले. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन मार्गनिर्देशकांची घड्याळे ५५ मिमी. व्यासाची असून ती जाड अंगरख्याच्या बाहीवरून बांधीत. हातमोजे न काढता फिरविता यावी म्हणून चावी मोठी असे. सुवाच्यतेसाठी असे वजन सोसावे लागे. जॉन हारवुड यांच्या स्वयंचलित मनगटी घड्याळाने (एकस्व १९२४) चावी देण्याचा व्याप वाचला. त्यात हाताच्या हालचालीने आतील वजन हलून स्प्रिंग गुंडाळली जाते. मात्र या यंत्रणेने जाडीत भरच पडली.

टिटॅनियमची घनता सु. ४.५ ग्रॅ./घ. सेंमी., तर पोलादाची सु. ७.९ असते. सिटिझनचे १९७० मधील पहिले टिटॅनियम घड्याळ विद्युत घटावर चाले. स्वयंचलित यंत्रणेचे, विरामघड्याळाची सोय असलेले टिटॅनियम घड्याळ आयडब्ल्यूसी व पोर्शे डिझाइन यांनी १९८० मध्ये आणले. तोवर विमानातील उपकरणे इतकी सुधारली होती की, हा हलकेपणा वैमानिकापेक्षा हौशी ग्राहकाच्याच अधिक उपयोगी पडला, असे म्हणावे लागते. टिटॅनियम गंजत नाही. परंतु त्यावर चरे लवकर पडतात, म्हणून काही उत्पादक त्याच्या पृष्ठभागाचे कठिनीकरण करतात.