तक्रार पोचली होती : मेम्फिसचा सफाई कामगार संप, १९६८

१/
१ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात दुपार कलली होती आणि पाऊस कोसळत होता. महापालिकेची एक कचरागाडी दिवसाची फेरी आटोपून कचरा टाकण्याच्या जागेकडे निघाली होती. चालकाखेरीज गाडीवर चार कामगार होते. दोघे कसेबसे पुढे चालकाजवळ मावले. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर यांना तेथे जागा उरली नाही.

२/
ते दोघे गाडीच्या मागच्या पोकळीत, कचरा दाबणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी शिरले. वाटेत कॉलनियल रोडवर ते यंत्र कोणीही न चालवता सुरू झाले. चालकाने गाडी थांबवून यंत्र बंद करण्याचे बटण दाबून पाहिले; यंत्र थांबले नाही. कोल आणि वॉकर आत ओढले गेले आणि चिरडून मरण पावले.

३/
या मृत्यूंनंतर अकरा दिवसांनी सुरू झालेला संप जगाला ठाऊक आहे तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे. किंग त्या वेळी मेम्फिसमध्ये होते ते याच संपासाठी. इतिहासाच्या पुस्तकांत या कथेचा शेवट सविस्तर येतो आणि आरंभ एका वाक्यात उरकतो. ही मालिका त्या आरंभाविषयी आहे. या गाड्या धोकादायक आहेत हे कामगारांनी आधीच सांगितले होते. मग त्या सांगण्याचे काय झाले?

४/
प्रथम एक साधा प्रश्न. पाऊस पडत असता ही माणसे कचऱ्याच्या पोकळीत का शिरली? जवळपास घरे होती, पडव्या होत्या. परंतु कृष्णवर्णीय सफाई कामगार घरांपाशी आडोशाला थांबतात, याबद्दल गोऱ्या रहिवाशांनी कुरकुर केली होती. त्यावर नियम निघाला : पाऊस आला तर कामगारांनी गाडीतच थांबावे. रहिवाशांच्या तक्रारीचा असा तत्काळ नियम झाला. कामगारांच्या तक्रारीचे तसे झाले नाही.

५/
ती गाडी १९५७ सालच्या, जुनाट बनावटीची होती. तिच्या विद्युत यंत्रणेत दोष होता. तारांवर फावड्यासारखी एखादी वस्तू सरकून आली तरी यंत्र आपोआप चालू होण्याचा धोका होता. १९६४ मध्येही सदोष गाडीपायी दोन कामगारांचा बळी गेला होता. अशा गाड्या बाद कराव्यात, ही कामगारांची मागणी जुनी होती. गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या.

६/
मेम्फिसचे सफाई कामगार जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होते, तर त्यांचे वरिष्ठ गोरे. घरांच्या परसात जाऊन कचरा मोठ्या टोपल्यांत भरायचा आणि डोक्यावर किंवा खांद्यावर वाहून गाडीपर्यंत आणायचा, असे ते काम होते. गळक्या टोपल्यांतून घाण पाणी आणि अळ्या अंगावर पडत. पालिकेकडून ना हातमोजे मिळत, ना गणवेश, ना अंग धुण्याची सोय. अनेकांना घराबाहेरच कपडे उतरवावे लागत.

७/
पगार तासावर होता आणि तोही किमान वेतनाच्या आसपास. पूर्णवेळ राबूनही अनेकांना सरकारी मदतीवर संसार चालवावा लागे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोकरीला संरक्षण नव्हते. वरिष्ठाची मर्जी फिरली की कामगार घरी. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती तक्रारदाराची भाकरी, अशा व्यवस्थेत गाडीतील बिघाड सांगणे हेही धाडसच ठरते.

८/
असे धाडस करणाऱ्यांत टी. ओ. जोन्स हे प्रमुख होते. ते स्वतः सफाई कामगार. १९६३ मध्ये संघटना बांधण्याचा प्रयत्न केला म्हणून त्यांच्यासह ३३ जणांना कामावरून काढून टाकण्यात आले. जोन्स थांबले नाहीत. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघाशी संलग्न अशी शाखा त्यांनी उभी केली. तिचा क्रमांक होता १७३३. त्यातील शेवटचे दोन अंक त्या बडतर्फ ३३ जणांच्या स्मरणार्थ असल्याचे संघटना सांगत आली आहे.

९/
१९६६ च्या उन्हाळ्यात संपाचा एक प्रयत्न झाला. पालिकेने न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला आणि तो संप उभा राहण्यापूर्वीच मोडला. त्या हुकुमाची टांगती तलवार पुढेही कायम राहिली. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्याने संप करणे बेकायदेशीर, ही पालिकेची भूमिका. आणि संघटनेला मान्यता नसल्यामुळे वाटाघाटींचा मार्गही बंद. म्हणजे बोलायला दार नाही, आणि दार ठोठावणे हा गुन्हा.

१०/
जानेवारी १९६८ मध्ये हेन्री लोब महापौर झाले. सफाई खाते त्यांच्या परिचयाचे होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते त्याच सार्वजनिक बांधकाम विभागाचे आयुक्त होते. खर्चाला कात्री लावणारा, कडक शिस्तीचा प्रशासक अशी त्यांची ख्याती होती. सफाईच्या गाड्या बदलणे हे त्या काटकसरीत बसणारे नव्हते.

११/
अपघाताच्या एक-दोन दिवस आधीच एक ठिणगी पडली होती. पावसामुळे सांडपाणी विभागातील २२ कृष्णवर्णीय कामगारांना घरी पाठवण्यात आले आणि त्यांच्या हाती केवळ दोन तासांचा पगार पडला. गोरे कर्मचारी थांबून राहिले आणि पाऊस ओसरल्यावर त्यांना पूर्ण दिवसाचे वेतन मिळाले. या अन्यायाची चर्चा चालू असतानाच कोल आणि वॉकर यांच्या मृत्यूची बातमी आली.

१२/
तासावर काम करणारे म्हणून या दोघांच्या कुटुंबांना कायद्याने नुकसानभरपाई लागू नव्हती. विम्याचे हप्ते त्यांना परवडणारे नव्हते. पालिकेने ‘स्वेच्छेने’ एका महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले. तेवढ्यात अंत्यविधीचाही खर्च भागला नाही. वॉकर यांची पत्नी त्या वेळी गरोदर होती.

१३/
१२ फेब्रुवारी १९६८ च्या सकाळी, वरून कोणताही आदेश आलेला नसता, कामगार कामावर गेलेच नाहीत. सफाई विभागातील सुमारे ११०० पैकी ९३० जण गैरहजर होते, तर सांडपाणी विभागातील २३० पैकी २१४. शहरातील १०८ गाड्यांपैकी जेमतेम ३८ बाहेर पडल्या. राष्ट्रीय महासंघाच्या नेत्यांनाही हा संप नंतर कळला. कडाक्याच्या थंडीत, निधी गाठीशी नसताना संप पुकारू नये, असा त्यांचा ठोकताळा होता.

१४/
मागण्या काय होत्या? पगारवाढ होतीच. पण यादीत आणखी गोष्टी होत्या : संघटनेला मान्यता, वर्गणीची पगारातून कपात, पावसाच्या दिवसांचे वेतन, सुरक्षित साधने, आणि लिखित स्वरूपातील तक्रार निवारण पद्धत. शेवटची मागणी कागदावर रुक्ष दिसते. तिचा अर्थ मात्र असा की, कामगाराने सांगितलेली गोष्ट नोंदली जाईल, तिला उत्तर द्यावे लागेल आणि ती सांगितल्याबद्दल कोणाची नोकरी जाणार नाही.

१५/
महापौरांचे म्हणणे असे की, आपले दार सर्वांना उघडे आहे; ज्याला गाऱ्हाणे असेल त्याने व्यक्तिशः यावे. वरवर हे उदार वाटते. पण एकेकट्याने येऊन तक्रार करणाऱ्याचे काय होते, हे १९६३ च्या ३३ जणांच्या अनुभवावरून सर्वांना ठाऊक होते. कामगारांना मर्जी नको होती. त्यांना असा करार हवा होता, जो महापौर बदलला तरी बदलणार नाही.

१६/
२२ फेब्रुवारीला शेकडो कामगार नगर परिषदेच्या सभागृहात ठाण मांडून बसले. परिषदेच्या समितीने मान्यतेची शिफारस केली. दुसऱ्या दिवशी परिषदेने ती फेटाळली. त्यानंतर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, डोळ्यांत रासायनिक फवारे मारले. धर्मोपदेशकही त्यातून सुटले नाहीत. या घटनेने शहरातील कृष्णवर्णीय समाज कामगारांच्या पाठीशी एकवटला.

१७/
या लढ्याच्या आघाडीवर आले रेव्हरंड जेम्स लॉसन. येथे मराठी वाचकाला एक ओळखीची खूण भेटते. कोरियन युद्धकाळात सक्तीच्या लष्करी सेवेला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अध्यापक आणि क्रीडा प्रशिक्षक होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला. मोंटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली.

१८/
माणसाने माणसाला माणूस न मानणे हेच वंशवादाचे मूळ आहे, असे लॉसन या लढ्यात मांडत होते. संपाची घोषणाही त्याच आशयाची ठरली : ‘आय ॲम अ मॅन’. क्लेबॉर्न टेंपल या चर्चमध्ये ते फलक छापले गेले. त्या चार शब्दांत पगाराचा उल्लेख नाही, गाड्यांचाही नाही. पन्नाशी-साठीच्या कामगारालाही ‘बॉय’, म्हणजे ‘पोरा’, अशी हाक मारली जाई. त्या हाकेला हे उत्तर होते.

१९/
मराठीत ‘मान’, ‘मानणे’ आणि ‘मान्यता’ हे शब्द एकाच कुळातले आहेत. मेम्फिसमधील झगडाही याच तीन शब्दांभोवती होता. संघटनेची मान्यता ही कायदेशीर बाब. पण ज्याला माणूसच मानले जात नाही, त्याच्या संघटनेला कोण मान्यता देणार? आणि ‘यंत्र बिघडले आहे’ हे त्याचे म्हणणे तरी कोण मानणार?

२०/
१८ मार्चला किंग यांनी मेसन टेंपलमध्ये हजारोंच्या सभेपुढे भाषण केले. २८ मार्चला त्यांच्या नेतृत्वाखालील मोर्चात मोडतोड झाली, पोलिसांनी बळ वापरले आणि लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मरण पावला. शांततामय मोर्चा काढून दाखवायचाच, या निश्चयाने किंग मेम्फिसला परतले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लोरेन मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली.

२१/
८ एप्रिलला कोरेटा स्कॉट किंग यांनी पतीचा दफनविधी होण्यापूर्वीच मेम्फिसमधील मूक मोर्चाचे नेतृत्व केले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कामगार खात्याचे उपमंत्री मध्यस्थीसाठी पाठवले होते. १६ एप्रिलला, ६५ व्या दिवशी, तडजोड झाली : संघटनेला मान्यता, पगारात टप्प्याटप्प्याने १५ सेंटची वाढ, बढतीत भेदभावाला बंदी, आणि तक्रार निवारणाची ठरलेली पद्धत. पुढे काही महिन्यांतच, कराराची अंमलबजावणी व्हावी म्हणून संघटनेला पुन्हा संपाचा इशारा द्यावा लागला.

२२/
१९७० साली अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा संघीय कायदा झाला. धोक्याची तक्रार करणाऱ्या कामगारावर सूड उगवता येणार नाही, असे कलम त्यात आहे. पण ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतून राज्य सरकारे आणि स्थानिक संस्था वगळल्या गेल्या. कोल आणि वॉकर ज्या प्रकारच्या मालकाकडे काम करीत होते, नेमका तोच कायद्याबाहेर राहिला! राज्याने स्वतःची मान्यताप्राप्त योजना केली, तरच पालिका कामगाराला हे संरक्षण मिळते. टेनेसीने ती केली. अनेक राज्यांनी आजही केलेली नाही.

२३/
सन्मान मात्र आले, सावकाश. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने या १३०० संपकऱ्यांना आपल्या सन्मानदालनात स्थान दिले. २०१८ मध्ये, संपाच्या पन्नासाव्या वर्षी, क्लेबॉर्न टेंपलशेजारी ‘आय ॲम अ मॅन’ चौक उभा राहिला. तेथील भिंतीवर संपकऱ्यांची नावे कोरली आहेत.

२४/
त्याआधी, २०१७ मध्ये, मेम्फिस पालिकेने हयात संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर देण्याचे जाहीर केले. पुढे ती रक्कम ७०,००० झाली. यामागे गौरवाइतकीच एक जुनी उणीव होती. १९६८ नंतर कामगारांनी पालिकेच्या निवृत्तिवेतनाऐवजी संघीय सामाजिक सुरक्षा योजना निवडली होती आणि तिच्यातून मिळणारी रक्कम अपुरी ठरली. त्यामुळे काहींना वयाच्या ऐंशीनंतरही कचरागाडीवर काम करावे लागले. स्मारकांवर नावे कोरली जात असताना ते अजून कामावर होते.

२५/
स्थानिक संस्था आपल्या कर्मचाऱ्यांचा गौरव करतात, करावाही. परंतु शाल, फलक आणि भिंतीवरचे नाव हे सारे काम झाल्यानंतरचे, कित्येकदा माणूस गेल्यानंतरचे. मेम्फिसच्या कामगारांनी १९६८ मध्ये मागितलेली मान्यता त्याआधीची होती : ‘ही गाडी धोक्याची आहे’ असे कामगार सांगतो, तेव्हा ते नोंदवून घेऊन गाडी उभी करण्याची. १९६४ च्या दोन मृत्यूंनंतर तेवढे झाले असते, तर १ फेब्रुवारी १९६८ च्या पावसात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर भिजत का होईना, घरी पोचले असते.