बिनपत्त्याच्या यंत्राला पत्ता कोण देणार?

बँकेत किंवा विद्यापीठात संगणकांची उंच लोखंडी कपाटे आपण पाहतो. त्यांना 'रॅक' म्हणतात. रॅकच्या मागे प्लग लावायची लांब पट्टी असते. आपल्या घरच्या एक्स्टेंशन बोर्डाची जणू थोरली बहीणच! यांतल्या काही पट्ट्या जाळ्याला जोडलेल्या असतात. परगावातून आज्ञा देऊन त्यांच्यावरचा एखादा प्लग बंद-चालू करता येतो. पण आज्ञा पोचायला पट्टीला पत्ता हवा, आणि पत्ता नसलेल्या पट्टीला तिचा पत्ता कळवायचा तरी कसा?

हे कोडे पट्टीहून जुने आहे. सप्टेंबर 1981 च्या नियमावलीत इंटरनेटचा पत्ता 32 बिटांचा होता. 192.168.1.20 असा चार आकड्यांत आपण तो लिहितो. माणूस तो यंत्रात भरी आणि यंत्र आपल्या चकतीवर जपून ठेवी. पुढे चकती नसलेले संगणक आले. बंद करून पुन्हा सुरू केले की त्यांना आपला पत्ता आठवेना!

एक गोष्ट मात्र ते विसरत नसत. 1980 च्या ईथरनेट आराखड्याप्रमाणे प्रत्येक यंत्राला 48 बिटांचा कायमचा क्रमांक मिळे. जून 1984 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चौघांनी त्याचा आधार घेतला. यंत्राने सुरू होताच सर्वांना ऐकू जाईल अशी हाक द्यायची : 'माझा क्रमांक अमुक, माझा पत्ता काय?' ज्याच्याजवळ तक्ता असेल, तो उत्तर देईल. ही 'रार्प' पद्धत. तिची हाक जाळ्याच्या त्याच तुकड्यात विरून जाई. सप्टेंबर 1985 मध्ये बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी 'बूटपी' मांडली. तिच्यात मधला निरोप्या ही हाक पुढच्या तुकड्यात पोचवू शके. तक्ता मात्र हातानेच भरावा लागे. ऑक्टोबर 1993 मध्ये राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेली 'डीएचसीपी' आली. तिने पत्ते ठरावीक मुदतीच्या भाड्याने देण्याची सोय केली.

मग पट्टीलाही भाड्याचा पत्ता दिला की झाले! पण जरा विचार करू. पत्ते वाटणारा संगणकही कुठल्यातरी पट्टीवरच चालतो. समजा, वीज जाऊन परत आली आणि तोच अडकून पडला. त्याचा प्लग बंद-चालू करायला हवा. पण पट्टीही आताच जागी झाली आहे. ती पत्त्यासाठी हाक देते आणि उत्तर देणारा नेमका तोच! उठवणारा झोपलेल्याचीच वाट पाहत बसतो.

म्हणून अशा पट्टीला अनेक ठिकाणी तंत्रज्ञ स्वतः केबल लावून तीन गोष्टी भरतात. पहिला पत्ता. दुसरा मास्क, 255.255.255.0 म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तर यंत्र आपल्याच गल्लीतले. तिसरा गेटवेचा पत्ता, म्हणजे गल्लीबाहेर जायचा नाका. हा तिसरा आकडा चुकला तर शेजाऱ्यांना उत्तरे मिळतात, पण परगावचा निरोप आत येऊनही उत्तर बाहेर पडत नाही.

हाताने पत्ता भरण्याची 1981 ची रीत मागे पडली, पण संपली नाही. आता वर्गात विचारून पाहू : यंत्राला कारखान्यातूनच क्रमांक मिळतो, तर तोच पत्ता म्हणून का चालत नाही? मुलाच्या नावावरून त्याचे घर सापडते का, येथून चर्चा सुरू करता येईल.